कुत्र्याला जंताची गोळी किती दिवसांनी? चारोटीच्या अंगणातून एक आढावा

चारोटी नाक्यावर उतरले की माणसांच्या आधी कुत्री भेटतात. महामार्गालगतच्या ढाब्यांच्या मागे, मटणाच्या दुकानांसमोर, डहाणू आणि कासा रस्त्यांच्या रिक्षांच्या सावलीत ती पसरलेली असतात. आत पाड्यांवर गेले की दर दोन-तीन घरांमागे एक कुत्रा दिसतो. चिकूच्या वाडीवर राखणीला कुत्रा, गोठ्याच्या तोंडाशी कुत्रा आणि रानात जाणाऱ्या माणसाच्या पुढेही कुत्राच. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत कुत्रा ही हौसेची वस्तू नाही, तो घरातला कामकरी आहे. त्याच्या आरोग्याचा विचार मात्र तो आडवा पडल्यावरच होतो.

औषधाच्या दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "जंताची गोळी किती दिवसांनी द्यायची?" ठरलेले उत्तर येते, "तीन महिन्यांनी." उत्तर चुकीचे नाही, पण ते एका प्रश्नाचे उत्तर आहे आणि आपल्यापुढे प्रश्न तीन आहेत. जंत, पिसवा आणि गोचिड्या यांचे जीवनक्रम वेगळे, लपायच्या जागा वेगळ्या, औषधेही बरीचशी वेगळी. पोटातल्या जंतासाठी दिलेली साधी गोळी गोचिडीला काही करत नाही आणि फक्त गोचिडीसाठीची महागडी गोळी पोटातल्या जंताला हात लावत नाही. म्हणून अंतर ठरवायचे ते त्या त्या किड्याचे आयुष्य आणि आपल्या कुत्र्याचे राहणे पाहून. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, आणि ते नीट समजून घेणे चारोटीसारख्या उष्ण, दमट, भरपूर पावसाच्या मुलखात फार गरजेचे आहे.

पोटातले जंत

कुत्र्याच्या पोटात प्रामुख्याने तीन प्रकारचे जंत आढळतात. पांढरे, दोऱ्यासारखे लांब गोल जंत, आतड्याला चिकटून रक्त पिणारे बारीक अंकुशकृमी आणि सपाट, तुकड्यातुकड्यांचे फीतकृमी.

गोल जंताचा सगळ्यात धोकादायक गुण असा की तो पिल्लाला जन्माआधीच गाठतो. आईच्या शरीरात त्याच्या अळ्या निद्रिस्त पडून असतात. गाभणकाळाच्या उत्तरार्धात त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. अंकुशकृमीच्या अळ्या आईच्या दुधातून येतात. म्हणजे पिल्लाने अजून अंगणातल्या मातीला तोंडही लावलेले नसते आणि त्याच्या पोटात जंत वाढू लागलेले असतात. पाड्यावर तीन-चार आठवड्यांची पिल्ले नीट पाहा. पोट ढोलासारखे फुगलेले, पाय काड्यांसारखे, केस निस्तेज. लोक म्हणतात, "दूध भरपूर पितंय, म्हणून पोट सुटलंय." अशा पिल्लाचा ओठ वर करून हिरडी पाहावी. ती गुलाबी नसून पांढुरकी असेल तर रक्त कमी झालेले आहे आणि त्यामागे बहुधा अंकुशकृमी आहे. अगदी लहान पिल्लात जंताची अंडी विष्ठेत दिसू लागण्याआधीच रक्त घटलेले असते. त्यामुळे विष्ठा तपासून काही सापडले नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

म्हणूनच पिल्लांच्या बाबतीत जगभरच्या तज्ज्ञांत मतभेद जवळजवळ नाही. पहिला डोस दुसऱ्या आठवड्यात आणि मग दर पंधरा दिवसांनी, साधारण आठ आठवड्यांचे होईपर्यंत. त्यापुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. पिल्लांसोबत त्यांच्या आईलाही त्याच वेळी औषध द्यायचे, कारण पिल्लांना चाटता-चाटता तीही पुन्हा जंत गिळत असते. पिल्लांसाठी पातळ औषध मिळते, ते वजनावर मोजून द्यावे.

मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र तीन मते आहेत. युरोपातील तज्ज्ञांचे मंडळ 'ईएससीसीएपी' सांगते की कुत्र्याला नेमका किती धोका आहे हे ठाऊक नसेल तर वर्षातून किमान चार वेळा औषध द्या आणि धोका जास्त असेल तर दरमहा. आपल्या दुकानातले 'तीन महिने' ते हेच, फक्त त्यातला 'किमान' हा शब्द वाटेत गळून पडला. अमेरिकेतील 'सीएपीसी' बारा महिने सतत संरक्षण द्यायला सांगते. उष्ण कटिबंधासाठी काम करणाऱ्या 'ट्रॉकॅप' या मंडळाचा कलही दरमहा औषधाकडे आहे.

महिन्याचे गणित कुठून आले? जंताची गोळी दिलेल्या दिवशी पोटात असलेले जंत मारते. तिचा पहारा पुढे टिकत नाही. दुसऱ्याच दिवशी कुत्र्याने दूषित माती चाटली तर नव्याने सुरुवात. गोल जंत पोटात गेल्यापासून मोठा होऊन अंडी घालायला साधारण महिनाभर घेतो, अंकुशकृमी दोन ते चार आठवडे. म्हणजे दरमहा औषध दिले तर बहुतेक जंत अंडी घालण्याआधीच मरतात आणि अंगण स्वच्छ राहते. तीन महिन्यांनी दिले तर कुत्रा मधले काही आठवडे अंगणात अंडी टाकत फिरतो. गोल जंताची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ती अंडी मातीत काही आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि तशीच कित्येक महिने, कधी वर्षे टिकतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या, उबदार मातीत आठवड्याभरात तयार होतात आणि उघड्या पायाच्या कातडीतूनही आत शिरतात. जून ते सप्टेंबर या काळात इथली सावलीतली माती कशी असते हे आपण जाणतोच. अंकुशकृमीला याहून चांगली जागा मिळायची नाही.

फीतकृमीची गोष्ट निराळी. त्याचा एक प्रकार पिसवांमधून येतो. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्या पोटातला फीतकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो. शेपटीखाली, गुदद्वाराभोवती तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे तुकडे चिकटलेले दिसले तर तो हाच. इथे नुसती गोळी देऊन भागत नाही, पिसवा गेल्या नाहीत तर महिन्याभरात तुकडे पुन्हा दिसतात. दुसरा प्रकार शेळ्या-मेंढ्या आणि गुरांच्या कच्च्या काळजा-फुफ्फुसातून येतो. हा जंत स्वतः जेमतेम काही मिलिमीटरचा, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुफ्फुसात पाण्याच्या मोठमोठ्या गाठी होतात. ज्या कुत्र्याला मटणाच्या दुकानामागचे कच्चे टाकाऊ अवयव मिळतात, त्याला 'प्राझिक्वाँटेल' असलेली गोळी दर सहा आठवड्यांनी द्यावी असा संकेत आहे, कारण हा जंत सुमारे तेवढ्याच काळात अंडी टाकू लागतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे हे कच्चे अवयव कुत्र्यापुढे न टाकणे. ते पुरावेत किंवा चांगले उकळून घालावेत.

पिसवा

पिसू अंगावर दिसते म्हणून आपण तिला अंगावरची कीड समजतो. खरे तर एखाद्या घरात पिसवा झाल्या असतील तर त्यांतल्या शंभरातल्या पाचच मोठ्या होऊन कुत्र्याच्या अंगावर असतात. उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोश या रूपांत जमिनीच्या भेगांत, गोणपाटात, चटईखाली असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती घरंगळून, कुत्रा बसेल तिथे पडतात. कोशातली पिसू तर महिनोन्महिने वाट पाहू शकते, हादरा किंवा ऊब जाणवली की बाहेर उडी घेते. बंद घर उघडल्यावर एकाएकी पिसवा चावू लागतात, त्या अशा.

म्हणून पिसवांचे औषध एकदा लावून भागत नाही. मानेवर टाकायचे 'फिप्रोनिल'चे थेंब असोत की पोटात द्यायची गोळी, किमान तीन महिने खंड न पडू देता उपचार चालवले तरच घरातले कोश संपतात. सोबत कुत्र्याचे गोणपाट आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायचे. पिसवा आहेत की नाहीत हे ओळखायची खूण सोपी आहे. कुत्र्याच्या कमरेवरचे केस विंचरून पडलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणीभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, रक्त पिऊन टाकलेली पिसवेची विष्ठा आहे.

गोचिड्या

या तिघांत चारोटीच्या कुत्र्यांचा सगळ्यात जास्त जीव घेणारी कोण असे विचारले तर मी गोचिडीकडे बोट दाखवीन. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आपल्या आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि तिन्ही वेळा अंगावरून उतरून लपते. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली मादी खाली पडते, भेग शोधते आणि हजारोंनी अंडी घालून मरते. ती रानातच असते असे नाही, ती घरात राहते आणि भिंत चढते. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली भिंत उन्हाळ्यात तडकते. त्या तडीत काडी फिरवली तर कधीकधी मोहरीसारख्या बारीक गोचिड्यांचा पुंजका बाहेर येतो. सिमेंटच्या घरातही दाराच्या चौकटीमागे, पायरीच्या सांध्यात तेच. इथे बर्फ पडत नाही, गारठाही फार टिकत नाही, त्यामुळे थंड देशांत गोचिडीला मिळते तशी हिवाळ्याची सक्तीची विश्रांती इथे मिळत नाही. वर्षभरात तिच्या अनेक पिढ्या होतात.

गोचीड रक्त पिते हे तिचे लहान पाप. मोठे पाप म्हणजे ती रक्तात जंतू सोडते. 'एर्लिकिया' आणि 'बबेसिया' हे त्यांतले मुख्य. त्यांच्यामुळे होणाऱ्या आजारालाच बोलीत टिक फिव्हर म्हणतात. कुत्रा खाणे सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते, कधी लघवी चहाच्या रंगाची होते. वेळीच निदान झाले तर एर्लिकियावर साधारण चार आठवडे 'डॉक्सिसायक्लिन' देतात आणि बरीच कुत्री वाचतात. 'विषबाधा झाली' म्हणून चार दिवस वाट पाहिली तर वाचत नाहीत.

इथे औषधाच्या अंतराला खरा अर्थ येतो. बबेसिया कुत्र्यात उतरायला गोचीड बहुधा दोन दिवस तरी चिकटून राहावी लागते, पण एर्लिकिया काही तासांतच उतरतो. पोटात द्यायच्या नव्या गोळ्या गोचीड चावल्यानंतर तिला मारतात. 'अफॉक्सोलॅनर' महिनाभर, 'सॅरोलॅनर' सुमारे पाच आठवडे, 'फ्लुरॅलॅनर' सुमारे बारा आठवडे टिकते. बबेसियाविरुद्ध त्या चांगल्या, एर्लिकियाविरुद्ध पुऱ्या पडतीलच असे नाही. गोचिडीला चावण्याआधीच दूर ठेवणारा 'डेल्टामेथ्रिन' किंवा 'फ्लुमेथ्रिन'चा पट्टा तिथे उपयोगी पडतो. फिप्रोनिलचे थेंब गोचिडीवर फार तर महिनाभर चालतात. पावसात रोज भिजणाऱ्या, नदीत डुंबणाऱ्या कुत्र्यावर त्यांचा भरवसा आणखी कमी. सूर्या आणि गुलजारी नद्यांच्या काठच्या कुत्र्यांसाठी पोटातली गोळी अधिक खात्रीची. फक्त ज्याला फिट येते अशा कुत्र्याला या गटातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2018 मध्ये तसा इशारा दिला आहे.

आणि औषध कोणतेही असो, रोज संध्याकाळी दोन मिनिटे हात फिरवावा. कानांच्या आत, मानेच्या पट्ट्याखाली, काखेत, पायांच्या बोटांमध्ये. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. नखावर चिरडू नये, रॉकेल लावू नये, उदबत्तीने डागू नये.

जास्त औषधाचे काय?

मग सगळ्यांना सगळे दरमहा द्यावे का? याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना वर्षानुवर्षे सतत जंतनाशके दिली गेली आणि आज तिथे एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे अंकुशकृमी पसरले आहेत. इंग्लंडमध्ये 20 नद्यांचे पाणी तपासले तेव्हा जवळजवळ सगळीकडे फिप्रोनिल सापडले. शेतीत त्याचा वापर तिथे आधीच थांबल्यामुळे संशय गेला तो कुत्र्या-मांजरांच्या थेंबांवर. हे औषध पाण्यातल्या किड्यांना मारते आणि त्या किड्यांवर मासे जगतात. आपल्या सूर्येचे पाणी वसई-विरारपर्यंत माणसे पितात. तेव्हा थेंब लावलेला कुत्रा निदान दोन दिवस नदीत सोडू नये आणि रिकाम्या बाटल्या ओहोळात टाकू नयेत.

या भागातला आणखी मोठा धोका मात्र चुकीच्या औषधाचा आहे. गुरांसाठी आणलेले 'आयव्हरमेक्टिन'चे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचले जाते. मात्रा चुकली की कुत्रा लडखडतो, आंधळा होतो, मरतो, आणि काही विलायती जातींना तर थोडी मात्राही विष ठरते. गोठ्यात फवारायचे 'अमिट्राझ' पाण्यात पुरेसे न मिसळता कुत्र्याला चोळले जाते. कुत्र्याचे 'परमेथ्रिन' मांजराला लावले तर मांजर दगावते. वजन न करता अर्धी गोळी देण्यानेही नुकसानच होते, जंत मरत नाहीत आणि औषधाला सरावतात. बहुतेक जंतनाशक गोळ्या दहा किलोला एक या मापाच्या असतात. घरात वजनकाटा नसेल तर धान्याच्या दुकानातला चालतो. आधी स्वतःचे वजन करावे, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करावी.

मग चारोटीत काय करावे?

घरातच राहणारा, शिजवलेले खाणारा, दोरीला धरून फिरणारा मोठा कुत्रा असेल तर जंताचे औषध दर तीन महिन्यांनी पुरे. जमल्यास मधे एकदा विष्ठा तपासून घ्यावी. त्याच घरात रांगते मूल असेल तर पावसाळ्याचे चार महिने तरी दरमहा द्यावे.

वाडीवर, गोठ्यावर मोकळा फिरणारा कुत्रा असेल तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दरमहा आणि एरवी दोन ते तीन महिन्यांनी. रानात जाणारा, उंदीर-घुशी आणि कच्चे मांस खाणारा कुत्रा असेल तर फीतकृमीच्या औषधासह दर सहा आठवड्यांनी.

गोचिडीचे संरक्षण मात्र या सगळ्यांना बारा महिने, औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीत एक दिवसाचाही खंड न पाडता. ज्याला वर्षभर परवडत नाही त्याने उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंतचा काळ धरावा आणि उन्हाळ्यात भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात. ते लिंपण निम्मे औषध आहे. गाभण कुत्रीसाठी 'फेनबेंडाझोल'चा वेगळा क्रम असतो, तो पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावा.

अंगण एकच

हा प्रश्न कुत्र्यांपुरता नाही. 2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. अंगणवाडी आणि शाळांतून 1 ते 19 वर्षांच्या मुलांना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, 'अल्बेंडाझोल' देतात. योजना चांगलीच आहे. पण मूल गोळी घेऊन ज्या अंगणात परत जाते तिथे त्याच्याबरोबर खेळणाऱ्या पिल्लाला कोणी गोळी देत नाही. मुलाचे आणि पिल्लाचे जंत बहुतेक वेगळे असले तरी कुत्र्याच्या गोल जंताच्या अळ्या मुलाच्या यकृतात, डोळ्यात शिरतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीखाली नागमोडी, खाजऱ्या रेघा ओढतात आणि त्यांतली एक जात तर माणसाच्या आतड्यातही वाढते.

गोचिडीबद्दल या जिल्ह्याला एकदा सावध केले गेले आहे. 2020 च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या गुजरातमध्ये काँगो तापाचे रुग्ण आढळल्यावर पालघर प्रशासनाने दक्षतेचा इशारा दिला होता. तो ताप पसरवणारी गोचीड मुख्यतः गुरांवरची, कुत्र्यावरची तपकिरी गोचीड वेगळी. त्यामुळे घाबरून कुत्र्यांना हाकलण्याचे कारण नाही. पण कुत्र्यावरची गोचीडही माणसाला टिक टायफसचा ताप देऊ शकते. गोचीड काढल्यावर हात धुवावेत आणि त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगावे.

राहिली नाक्यावरची, कोणाचीच नसलेली कुत्री. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात बारा लाखांहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. त्यांना दरमहा गोळी कोण देणार? कोणी नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही खरे नव्हे. पण निर्बीजीकरणासाठी किंवा रेबीजच्या लसीसाठी कुत्रा एकदा हाती आला की त्याच वेळी जंताची गोळी आणि गोचिडीचे औषध देता येते. ढाब्यावर रोज उरलेली पोळी घालणाऱ्याला त्याच पोळीत तीन महिन्यांनी एक गोळी घालता येते.

तेव्हा निकाल असा. ज्याच्याकडे पैसे मोजकेच आहेत त्याने ते आधी पिल्लांवर खर्च करावेत. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याचे चार डोस, सोबत आईलाही तितकेच. यानंतर पैसे उरले तर गोचिडीवर, त्यानंतर मोठ्या कुत्र्याच्या जंतांवर, आणि पिसवांसाठी ऊन आणि उकळते पाणी. ग्रामपंचायतींना, शाळांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांना विनंती एकच: फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मुलांना गोळी मिळते त्याच आठवड्यात पाड्यावरच्या कुत्र्यांसाठीही एक शिबिर घ्या. आणि वाचकहो, घरात आज पिल्ले असतील तर ती किती दिवसांची झाली ते मोजा. चौदा दिवस झाले असतील तर पहिल्या डोसचा दिवस आजच आहे.